मोबाइलवरील शिक्षण आणि ऑनलाइन समूह-अभ्यास

खिशात मावणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने, वर्गाच्या चार भिंतींबाहेर आणि आपल्या सवडीने घेतले जाणारे शिक्षण म्हणजे मोबाइल शिक्षण होय. ऑनलाइन समूह-अभ्यास ही त्याहून निराळी गोष्ट आहे. एका ठिकाणी जमू न शकणारे विद्यार्थी संगणकीय जाळ्याच्या द्वारे एकत्र येतात, एखाद्या प्रश्नावर चर्चा करतात, परस्परांचे लेखन तपासतात आणि एखादा प्रकल्प सर्वांनी मिळून पूर्ण करतात. या दोन संज्ञा हल्ली एका दमात उच्चारल्या जातात. परंतु पहिली साध्य झाली म्हणजे दुसरी आपोआप घडते, असे मुळीच नाही. मुलाच्या हाती फोन देणे सोपे आहे. त्या फोनच्या पलीकडे त्याची वाट पाहणारा गट आणि त्याचे लिखाण वाचणारा शिक्षक उभा करणे हे खरे कष्टाचे काम आहे. ख्रिस्तसभेच्या एका उपक्रमाने हे काम अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत करून दाखविले असल्यामुळे त्याची माहिती आम्ही येथे विस्ताराने देत आहोत.

साध्या फोनचे दिवस

पुस्तकाप्रमाणे हातात धरता येईल अशा, मुलांसाठीच्या संगणकाची कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली 'डायनाबुक' या नावाने मांडली. ते यंत्र त्या रूपात कधी तयार झाले नाही. मोबाइल शिक्षणाचे पहिले मोठे प्रयोग पुढे झाले ते महागड्या यंत्रांवर नव्हेत, तर अगदी साध्या फोनवर. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली 'डॉक्टर मॅथ' ही सेवा सुरू झाली. 'मिक्सिट' नावाच्या स्वस्त संदेशसेवेवरून शाळकरी मुले गणितातील अडचण लिहून पाठवीत आणि विद्यापीठातील स्वयंसेवक विद्यार्थी त्यांना उत्तराकडे नेणारे प्रश्न विचारीत. बांगलादेशात २००९ साली बीबीसीने 'जानाला' हा उपक्रम आरंभिला. जानाला म्हणजे बंगालीत खिडकी. ३००० हा क्रमांक फिरविला की इंग्रजीचा सुमारे तीन मिनिटांचा पाठ कानी पडत असे.

या दोहोंत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बांगलादेशातील श्रोता पाठ ऐकत होता. आफ्रिकेतील मुलाला मात्र पलीकडून कोणीतरी प्रतिसाद देत होते. दोन्ही उपक्रम उपयुक्त होते, याबद्दल शंका नाही. तथापि दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासाला ऐकणे पुरत नाही. २०१२ च्या सुमारास मोठ्या विद्यापीठांनी जगभरातील लाखो लोकांसाठी विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम खुले केले, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा प्रत्ययास आली. नावे नोंदविणाऱ्यांची गर्दी उसळली, पण बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत टिकणारे शेकडा दहासुद्धा नव्हते.

काकुमा आणि झालेका

केनियाच्या वायव्य टोकाला तुर्काना प्रदेशातील रखरखीत भूमीवर काकुमा ही निर्वासितांची छावणी आहे. सुदानच्या यादवीतून पायी पळून आलेल्या मुलांसाठी ती १९९२ साली उभारण्यात आली. मलावीमध्ये, राजधानी लिलाँग्वेपासून काही अंतरावर, झालेका ही छावणी १९९४ पासून आहे. त्या जागी पूर्वी राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. सुमारे दहा-बारा हजार लोकांसाठी आखलेल्या या छावणीत आज पन्नास हजारांहून अधिक लोक राहतात. त्यांतील बहुसंख्य काँगो, बुरुंडी आणि रुवांडा येथून आलेले आहेत. छावणीत जन्मलेली मुले तेथेच शाळा शिकून तरुण होतात. मात्र बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाला तेथे उत्तर नव्हते. जगातील निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षण घेणारे कित्येक वर्षे शेकडा एकच होते. २०१९ साली हे प्रमाण ३ टक्क्यांवर, तर २०२३ पर्यंत ते सुमारे ७ टक्क्यांवर आले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित विभागाने २०३० पर्यंत १५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे.

येशूसंघाचे तत्कालीन महाधिकारी फादर पेद्रो अरुपे यांनी १४ नोव्हेंबर १९८० रोजी 'जेज्विट निर्वासित सेवा' स्थापन केली. निवारा, अन्न आणि प्राथमिक शिक्षण यांपुरते न थांबता छावणीत विद्यापीठ नेता येईल काय, हा विचार पुढे मूळ धरू लागला. २०१० साली 'जेज्विट कॉमन्स' या नावाने काकुमा, झालेका आणि जॉर्डनमधील अम्मान शहर येथे तो प्रत्यक्षात आला. अमेरिकेतील डेन्व्हर येथील येशूसंघीय रेजिस विद्यापीठाने तीन वर्षांची, ४५ श्रेयांकांची पदविका देऊ केली. निरनिराळ्या देशांतील प्राध्यापक स्वयंसेवक म्हणून ऑनलाइन शिकवू लागले. २०१३ साली पहिल्या तुकडीने पदविका मिळविली. हाच उपक्रम पुढे 'जेज्विट वर्ल्डवाइड लर्निंग' या नावाने जिनिव्हा येथील संस्था म्हणून वाढला. निर्वासित सेवेचे २००७ ते २०१५ या काळातील आंतरराष्ट्रीय संचालक फादर पीटर बालाइस यांनी त्याची धुरा वाहिली. भारतातही या संस्थेचे कार्य चालते.

प्रारंभी हे शिक्षण छावणीतील संगणक कक्षात चालत असे. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, उपग्रहाद्वारे येणारे इंटरनेट मंद, आणि उष्णता व धूळ यांमुळे यंत्रे वारंवार बिघडत. कालांतराने फोन आणि टॅब्लेट आले आणि एक मोठी सोय झाली. विद्यार्थी केंद्रावर येऊन धडे फोनवर उतरवून घेतो, झोपडीत परतल्यावर इंटरनेटशिवाय ते वाचतो आणि पुन्हा केंद्रावर आला की आपले लिखाण पाठवितो. आमच्या मते मोबाइलचा खरा लाभ येथे आहे. आणखी एक लाभ छावणीच्या जीवनातूनच कळतो. निर्वासिताचा ठावठिकाणा त्याच्या हाती नसतो. कोणाचे दुसऱ्या देशात पुनर्वसन होते, तर कोठे सरकारच छावणी बंद करण्याची घोषणा करते. केनियाने मार्च २०२१ मध्ये अशी घोषणा केली होती. फोनमधील अभ्यास मात्र माणसाबरोबर चालू लागतो.

आठवड्याचे वेळापत्रक

अशा वर्गात समूह-अभ्यास चालतो तरी कसा? सर्वसाधारण पद्धत अशी. आठवड्याच्या आरंभी प्राध्यापक वाचनाचा भाग आणि एक प्रश्न देतो. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रत्येकाने आपले उत्तर चर्चेच्या पानावर लिहावयाचे. नंतर किमान दोन सहाध्याय्यांच्या उत्तरांना प्रतिसाद द्यावयाचा. 'छान लिहिले' एवढ्याने भागत नाही. सहमती किंवा मतभेद कारणांसह मांडावे लागतात. आठवड्याच्या अखेरीस प्राध्यापक चर्चेचे धागे जुळवून दाखवितो. सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याची गरज नसल्यामुळे आफ्रिकेतील, जॉर्डनमधील आणि अमेरिकेतील घड्याळांचा मेळ घालावा लागत नाही. शिवाय लिखित मजकुराला इंटरनेटही फार लागत नाही. चित्रफितीवरील थेट वर्ग दिसावयास आकर्षक असतो, परंतु जोडणी तुटली की गरीब विद्यार्थी सर्वांत आधी बाहेर फेकला जातो.

लेखी चर्चेचा आणखी एक गुण शिक्षकवर्गाच्या ध्यानी आला असेल. प्रत्यक्ष वर्गात चार धीट मुलेच बोलतात. लिहून उत्तर द्यावयाचे म्हटले की लाजाळू विद्यार्थ्याला, इंग्रजी ज्याची तिसरी किंवा चौथी भाषा आहे त्याला, विचार करावयास वेळ मिळतो. परस्परांशी वैर असलेल्या समाजांतून आलेले तरुण जेव्हा नीतिशास्त्राच्या एकाच प्रश्नावर लिहितात, तेव्हा त्यांना एकमेकांची उत्तरे पूर्ण वाचावी लागतात, मध्येच तोडता येत नाहीत.

या विषयाला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघा संशोधकांकडे जाते. २००० साली त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार ऑनलाइन वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते. पहिली सामाजिक, म्हणजे पलीकडे खरी माणसे आहेत ही जाणीव. दुसरी बौद्धिक, म्हणजे प्रश्नापासून निष्कर्षापर्यंतचा विचार. तिसरी अध्यापनाची, म्हणजे आखणी आणि मार्गदर्शन. तिसरी नसेल तर चर्चा गप्पांपुरती उरते, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे.

येशूसंघीय परंपरेला हे अपरिचित नव्हते. १५९९ च्या त्यांच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या शिक्षणसंहितेत वर्गाचे लहान गट करून प्रत्येक गटावर विद्यार्थ्यांमधूनच एक प्रमुख नेमण्याची रीत आढळते. हा प्रमुख सोबत्यांचे पाठांतर ऐके आणि वह्या गोळा करी. १९९३ साली संघाने प्रसिद्ध केलेल्या अध्यापनपद्धतीत संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन असे पाच टप्पे सांगितले आहेत. छावणीतील विद्यार्थ्याला 'संदर्भ' शोधावयास दूर जावे लागत नाही. पाण्याच्या नळावरील रांग, शिधावाटप, शेजारच्या घरातील आजारपण हेच त्याच्या गृहपाठाचे विषय होतात. म्हणून पदविकेच्या जोडीला सामुदायिक आरोग्य, मानसिक-सामाजिक साहाय्य यांसारखे स्थानिक गरजांचे छोटे अभ्यासक्रमही ठेवण्यात आले. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पुढच्या तुकड्यांचे मार्गदर्शक झाले.

या उपक्रमाच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. पदविका मिळाली तरी काम करण्याचा परवाना मिळतोच असे नाही. मलावीत निर्वासितांनी छावणीतच राहावे असा दंडक आहे आणि २०२३ साली शहरांत स्थिरावलेल्या अनेकांना सक्तीने झालेकाला परत आणले गेले. घरकाम आणि मुलांचा सांभाळ यांमुळे स्त्रियांना केंद्रावर येणे अवघड जाते. गटातील कष्टाचे वाटप हा तर जगभरचा जुना तंटा आहे. काम दोघे करतात आणि गुण पाचांना मिळतात! यावर उपाय एकच दिसतो. गट लहान ठेवावा, प्रत्येकाचा वाटा नावानिशी दिसावा आणि गुणांचा काही भाग व्यक्तिगत असावा.

आपल्याकडील चित्र

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा विषय आपल्याही घरात शिरला. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे शिक्षणविषयक व्यासपीठ २०१७ पासून होतेच. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवर फोन धरला की पाठ उघडत असे. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. 'असर' सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० साली हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. २०२४ च्या सर्वेक्षणातील आकडा अधिक बोलका आहे. १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात फोन शैक्षणिक कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. फोनची उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे, गटाची आणि शिक्षकाची नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अन्य नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. क्यूआर कोडबद्दल त्यांची कीर्ती झाली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त देशांतील विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन जोड्या लावून सहा आठवडे संवाद घडविण्याचा त्यांचा उपक्रम तितका बोलला गेला नाही. आम्हाला तोच अधिक मोलाचा वाटतो.

धर्मग्रामासाठी काही सूचना

टाळेबंदीच्या काळात धर्मशिक्षणाचे वर्गही फोनवर भरले. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाल्यावर ते गट बहुतांशी शुभेच्छांच्या चित्रांपुरते उरले. त्यांचा पुन्हा उपयोग करता येईल. रविवारच्या वर्गात शुभवर्तमानातील उताऱ्यावर एक प्रश्न द्यावा, बुधवारपर्यंत प्रत्येकाने तीन-चार ओळी लिहाव्यात, शनिवारपर्यंत एका सोबत्याला उत्तर द्यावे. पाच-सहा मुलांचा गट पुरे. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुदत रात्रीची ठेवावी. फोन नसलेल्या मुलाने वहीत लिहावे आणि सोबत्याने त्याचे छायाचित्र पाठवावे. दहावीच्या अभ्यासासाठी किंवा पुण्या-मुंबईस शिकावयास गेलेल्या युवकांसाठीही हीच पद्धत चालेल.

यातून रविवारचा मेळावा मात्र टळू नये. 'ख्रिस्तसभा आणि इंटरनेट' या २२ फेब्रुवारी २००२ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात इंटरनेटवर साक्रामेंत होत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. धर्मशिक्षणाची ओढ त्या प्रत्यक्ष भेटीकडेच असते.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी हयगय चालणार नाही. प्रत्येक गटात किमान दोन प्रौढ असावेत आणि पालकांना त्याची माहिती असावी. शिक्षकाने मुलाशी खासगी संदेशाद्वारे बोलू नये. जे सांगावयाचे ते गटात किंवा पालकांसमक्ष सांगावे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीवाचून पुढे पाठवू नयेत. वर्ष संपले, की गट बंद करावा आणि नव्या वर्षी नव्या नावांनिशी उघडावा.