एका दिवसात पक्के दात? इम्प्लांटचा इतिहास काय सांगतो

अंधेरी स्टेशनबाहेर पडलं की जरा वर बघा. कोचिंग क्लास, गोल्ड लोन आणि मधे कुठेतरी डेंटल इम्प्लांटचा बोर्ड. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे तेच. काहींवर तर ‘एका दिवसात पक्के दात’. बातमीच्या कामाने गावाकडून इकडे येणं होतं, तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, खरंच एका दिवसात होतं का?

याचं उत्तर सशाच्या पायात आहे. थट्टा नाही! 1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं.

1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. जबड्यात जन्मजात व्यंग, खाली दातच नाहीत. हाड स्क्रूला धरेपर्यंत काही महिने थांबले, मग वर दात बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट शाबूत होते. तरी दंतवैद्यकाच्या जगाने ही पद्धत मनापासून मान्य केली ती 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर.

म्हणजे खरं काम हाड करतं, आणि हाडाला घाई कळत नाही. हाड चांगलं असेल तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो, पण धरायला लागणारे महिने लागतातच.

दुसरी गोष्ट बोर्डावर कधीच नसते. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं. आणि बऱ्याचदा ते दुखतही नाही, त्यामुळे उशिरा कळतं. ब्रश करताना रक्त आलं, हिरडी सुजली तर थांबू नका. मऊ ब्रश, दातांच्या फटीतला छोटा ब्रश, सहा महिन्यांनी तपासणी. साखर ताब्यात हवी. तंबाखू, मिश्री बंद. (राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, टपऱ्यांवर काय चालतं ते आपण बघतोच.)

आता प्रश्न सार्वजनिक सोयीचा. मुंबईतली दोन जुनी सार्वजनिक दंत महाविद्यालयं दक्षिणेकडे आहेत. पालिकेचं नायर मुंबई सेंट्रलला, 1933 पासूनचं. सरकारी महाविद्यालय सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेसच्या आवारात. मुलुंडच्या पेन्शनर आजोबांनी नुसत्या तपासणीसाठी लोकलची गर्दी झेलायची का? एवढ्या मोठ्या उपनगरांना असं एखादं महाविद्यालय मागायला काय हरकत आहे? नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा विचारा.

तोपर्यंत एक करा. इम्प्लांट बसवलात तर कंपनीचं नाव, मॉडेल आणि साइज कागदावर लिहून घ्या. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग वेगळे असतात. उद्या क्लिनिक बंद झालं किंवा तुम्ही गावी गेलात, तर दुसऱ्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच पडणार.