नियम सांगून नव्हे, पाळून दाखवून : हिवरे बाजार कोरोनामुक्त कसे झाले?

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) : एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट आली अन् जिल्ह्यात रोज हजारांच्या घरात रुग्ण सापडू लागले. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते. पहिल्या लाटेत शहरापुरता वाटणारा आजार वाड्या-वस्त्यांवर पोहोचला होता. अशा वेळी नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव मे महिन्याच्या मध्यास कोरोनामुक्त झाले. आदर्शगाव योजनेचे कार्याध्यक्ष पोपटराव पवार यांनी ग्रामस्थांना सोबत घेऊन हे काम केले.

खरी अडचण काय होती?

गावागावात मुख्य अडचण होती ती दुखणे लपवण्याची. ताप आला तरी "साधी सर्दी हाये" म्हणून माणूस घरी बसायचा. टेस्ट केली तर सेंटरला नेतील, गाव वाळीत टाकेल, ही भीती. त्यात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू. घरातला कर्ता चौदा दिवस बाजूला बसला तर कांदा कोण काढणार, जनावरांच्या धारा कोण काढणार, हाही प्रश्न होताच. त्यामुळे पाच-सहा दिवस अंगावर काढायचे, दम लागला की दवाखाना गाठायचा. तोपर्यंत उशीर झालेला असे आणि घरातले सगळेच बाधित झालेले असत.

काय केले?

हिवरे बाजारमध्ये मार्च-एप्रिलमध्ये रुग्णांची संख्या पन्नासच्या आसपास गेली होती. गावाने स्वयंसेवकांची पथके केली. ही पथके घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासत. लक्षण दिसले की लगेच चाचणी. बाधितांना घरात न ठेवता शाळेत विलगीकरण केले. ज्यांचा ऑक्सिजन कमी, त्यांना वेळेत दवाखान्यात हलवले. मास्क, अंतर आणि विनाकारण गावाबाहेर न जाणे, हे नियम सगळ्यांना सारखेच.

20 मे 2021 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल्हाधिकाऱ्यांशी ऑनलाईन संवाद साधला, तेव्हा तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भोसले यांनी या गावाची माहिती दिली. 30 मे रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पोपटराव पवार यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील घाटणे (ता. मोहोळ) येथील ऋतुराज देशमुख व अंत्रोळी (ता. दक्षिण सोलापूर) येथील कोमल करपे या तरुण सरपंचांचे कौतुक केले.

लोकांनी ऐकले का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आवाहन तर प्रत्येक गावात झाले, स्पीकर लावून गाडी फिरली. पण हिवरे बाजारला नियम पाळायची सवय तीस वर्षांची आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेल न घेणे, हे सगळे ग्रामसभेत ठरले आणि पाळले गेले. दरवर्षी पावसाळ्यानंतर गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिके ठरतात. ज्या गावाने पाणी नाही म्हणून ऊस लावायचा नाही हे मान्य केले, त्याला चौदा दिवस शाळेत राहा हे सांगणे तुलनेने सोपे गेले.

पुढे काय झाले?

जून 2021 मध्ये राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. सहा महसूल विभागांत प्रत्येकी 50 लाख, 25 लाख आणि 15 लाख रुपये अशी एकूण 5 कोटी 40 लाखांची 18 बक्षिसे, गुणांकनासाठी 22 निकष. सर्वेक्षण, विलगीकरण, वाहन, हेल्पलाईन, लसीकरण अशा कामांसाठी गावोगावी पथके करायची होती. 15 जुलैपासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. अट होती महिनाभर गावात एकही रुग्ण नसण्याची आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाची. म्हणजे गावाने नियम पाळले तर पोरांची शाळा सुरू, नाहीतर मोबाईलला रेंज शोधत झाडावर.

साथ गेली, मास्क खुंटीवरून गायब झाले. पण डेंग्यू असो, जनावरांचा लम्पी असो, सूत्र तेच राहते : पहिल्या दिवशी सांगा, लगेच तपासा, आजाऱ्याला वेगळे ठेवा, पण एकटे पाडू नका. यातले शेवटचे जमले की आधीचे तिन्ही आपोआप जमतात.