सातारा-सांगली परिसरातील वाचनशिक्षण : मोहिमेकडून पद्धतीकडे

प्राथमिक शाळेतील प्रत्येक मूल अर्थ समजून वाचू लागेल, ही जबाबदारी जिल्हा पातळीवरील यंत्रणेने कशी पेलावी, हा प्रश्न २०२१ मधील 'निपुण भारत' अभियानामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. सातारा व सांगली यांच्या शैक्षणिक इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्यापासून दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. त्यामुळे या परिसराची शैक्षणिक परंपरा बरीचशी सामाईक आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. शाळांच्या विस्ताराला शिक्षक घडविण्याची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रौढांसाठी ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. अल्पावधीत गावेच्या गावे साक्षर करण्यात तिला लक्षणीय यश आले. मात्र पाठपुराव्याची व्यवस्था नसल्याने अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले आणि मोहीम थांबली. उत्साहाने अक्षरओळख होते. वाचन टिकण्यासाठी सराव व वाचनसाहित्य लागते, हा तिचा धडा होय.

पद्धतीचा प्रश्न फलटणमध्ये हाताळला गेला. तेथील बोलीचा अभ्यास केलेल्या भाषावैज्ञानिक मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात स्थान दिले. संपूर्ण मुळाक्षरे व बाराखडी पाठ होईपर्यंत न थांबता, मोजकी अक्षरे व स्वरचिन्हे शिकवून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास देणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

शासकीय यंत्रणेतील उदाहरण साताऱ्याजवळील कुमठे बीटचे आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापन स्वीकारले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातील शिक्षक या शाळा पाहावयास आले. परंतु वर्गाच्या फरशीवरील रेखाटनांचे अनुकरण सोपे असते. शिक्षकाला सातत्याने वर्गात भेटणाऱ्या अधिकाऱ्याचे अनुकरण अवघड असते.

सारांश, भाषेला अनुरूप पद्धत, शिक्षकाला वर्गातच मिळणारे साहाय्य आणि प्रत्येक मुलाच्या वाचनाची नियमित पडताळणी या तिन्ही बाबी एकत्र आल्या तरच जिल्ह्यातील सुधारणा टिकते. केवळ उद्दिष्टपूर्तीचे आकडे जाहीर करणाऱ्या यंत्रणेने १९५९ च्या मोहिमेचा शेवट विसरू नये.