मद्यपाश आणि माणसाची सोबत

पेण-रोह्याच्या मुलखांत दारू सोडूं पाहणाऱ्यास आधार कोणाचा? १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्यावरील कर पक्का केला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें तेंच मद्य निषिद्ध ठरविलें. एकानें तिजोरी भरली, दुसऱ्यानें शिक्षा सांगितली; व्यसनी माणसाचा हात मात्र कोणत्याहि कायद्यानें धरला नाहीं.

तें कार्य रोह्यास १९२० सालीं जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्यायींनीं हातीं घेतलें. पश्चिम किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत ते उपदेशक म्हणून नव्हे, आप्त म्हणून जात. अनेकांनीं दारू सोडली. पुढें १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें व्यसनास आजार मानून औषधोपचारास गटचर्चेची व कुटुंबाच्या साहाय्याची जोड मिळाली.

श्रद्धा व शास्त्र यांचे मार्ग भिन्न. परंतु शपथेच्या दुसऱ्या दिवशीं माणसास माणूस लागतो, हें दोहोंनीं ओळखलें.