व्हिमीचे स्मारक : कॅनेडियन पर्यटक आणि राष्ट्रीय स्मृतीची घडण

प्रस्तावना

युद्धस्मारक हे इतिहासाचे साधन मानले जाते. तथापि ते ज्या घटनेची साक्ष देते तिच्यापेक्षा, ते ज्या काळात उभारले गेले त्या काळाविषयी अनेकदा अधिक सांगते. उत्तर फ्रान्समधील आरास शहराजवळचे व्हिमी येथील कॅनेडियन स्मारक हे याचे ठळक उदाहरण होय. युरोपच्या प्रवासाला निघालेला कॅनेडियन पर्यटक या टेकडीवर येतो, तेव्हा त्याला इतिहास भेटतो की स्मृती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लढाई आणि आख्यायिका

९ ते १२ एप्रिल १९१७ या काळात कॅनेडियन कोअरच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या आणि जर्मनांच्या ताब्यातील ही टेकडी त्यांनी जिंकली. त्यात ३,५९८ कॅनेडियन सैनिक मृत्युमुखी पडले, तर सात हजारांहून अधिक जखमी झाले. या लढाईतून कॅनडाचा राष्ट्र म्हणून जन्म झाला, असे पुढे मानले जाऊ लागले. वस्तुतः कोअरचे सेनापती जुलियन बिंग हे ब्रिटिश होते आणि ही लढाई ब्रिटिशांच्या आरास मोहिमेचाच एक भाग होती. शिवाय त्याच वर्षी संमत झालेल्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्याला क्वेबेकमधील फ्रेंचभाषकांनी तीव्र विरोध केला. ज्या वर्षी राष्ट्र जन्मले असे सांगितले जाते, त्याच वर्षी ते भाषेच्या रेषेवर दुभंगलेही होते.

स्मारक आणि यात्रा

ही आख्यायिका रुजली ती प्रामुख्याने युद्धोत्तर काळात. १९२२ मध्ये फ्रान्सने येथील सुमारे १०७ हेक्टर भूमी कॅनडाला कायमस्वरूपी वापरासाठी दिली. शिल्पकार वॉल्टर ऑलवर्ड यांच्या आराखड्यानुसार १९२५ मध्ये सुरू झालेले काम अकरा वर्षे चालले. २६ जुलै १९३६ रोजी राजे आठवे एडवर्ड यांच्या हस्ते स्मारकाचे अनावरण झाले. त्यासाठी सहा हजारांहून अधिक कॅनेडियन नागरिक समुद्रमार्गे आले. त्यांना खास पारपत्रे देण्यात आली होती. हा प्रवास 'तीर्थयात्रा' म्हणूनच ओळखला गेला. फ्रान्समध्ये मरण पावलेल्या, परंतु ज्यांची कबर ज्ञात नाही अशा ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावे या स्मारकावर कोरलेली आहेत. ज्या मातेला पुत्राची कबर लाभली नाही, तिच्या दृष्टीने ते कोरलेले नाव हीच त्याची समाधी होती. यात्रेचे राष्ट्रीय स्वरूप आणि हे खाजगी दुःख परस्परांपासून वेगळे करता येत नाही.

आजचा पर्यटक

आज त्या सैनिकांपैकी कोणीही हयात नाही. पर्यटक जे खंदक पाहतो, ते सिमेंट भरलेल्या पोत्यांनी नंतर पुन्हा बांधून टिकविलेले आहेत. जमिनीत न फुटलेले तोफगोळे असल्याने मोठा परिसर बंद असून तेथे मेंढ्या चरतात. कॅनेडियन स्मारकाच्या जवळच मोरोक्कन डिव्हिजनचे स्मारक आहे. फ्रेंच सैन्याच्या या डिव्हिजनने ९ मे १९१५ रोजी हाच माथा गाठला होता, मात्र वेळेवर कुमक न मिळाल्याने तिला माघार घ्यावी लागली. कॅनडाच्या विजयकथेत या सैनिकांना क्वचितच स्थान मिळते.

निष्कर्ष

जवळच नोत्र-दाम-द-लोरेत येथे २०१४ मध्ये उभारलेल्या लंबवर्तुळाकार स्मारकावर सुमारे ५,८०,००० मृतांची नावे हुद्दा वा राष्ट्र न पाहता वर्णानुक्रमे कोरलेली आहेत. त्यांत जर्मन आहेत, तसेच भारतीयही आहेत. व्हिमी 'आमचे' मृत मोजते, तर लोरेत केवळ मृत मोजते. ही दोन स्मारके एकत्र पाहिल्याशिवाय पर्यटकाची भेट पूर्ण होत नाही. इतिहासाच्या अध्यापकानेही विद्यार्थ्यांना स्मारकाकडे नेताना प्रथम विचारावयास हवे, की येथे कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही. श्रद्धेला धक्का न लावता हा प्रश्न विचारणे हेच इतिहासाच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन होय.