अंदाज कोणाचा धरावा?

मंडळी, मे महिना लागला की आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर एकच विषय चालतो, पाऊस. कोणी पंचांगातल्या मृगाच्या वाहनाचा फोटो टाकतो, कोणी बुलढाण्याकडच्या भेंडवळच्या घटमांडणीची बातमी, कोणी मराठवाड्यातल्या एका अंदाजकर्त्याचा व्हिडिओ. मग कोणीतरी हवामान खात्याचे टक्के टाकतो. चौघांची तोंडे चार दिशांना! निफाडकडे माझ्या माहेरच्या द्राक्षबागा आहेत, त्यामुळे हा विषय आमच्याकडे नुसत्या गप्पांचा नाही, घरातल्या वर्षभराच्या पैशाचा आहे. भाचा मला म्हणाला, "आत्या, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास. आता तूच सांग, यातल्या कोणाचं ऐकायचं?"

इतिहासाच्या बाईला हवामानातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण कोण काय बोलला होता आणि पुढे काय घडले, याची जुनी वही काढून बघणे हेच तर इतिहासाचे काम. म्हणून हा लेख.

सुरुवात नक्षत्रांपासून करू. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य... हस्त, चित्रा, स्वाती ही सूर्यनक्षत्रे म्हणजे आपल्या शेतकऱ्याची दिनदर्शिकाच. मृगात पेरणीची तयारी, हस्ताचा पाऊस रब्बीच्या ओलीला, हे पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण आहे आणि ते बहुतेक वर्षी जमते. पण ते भाकीत नव्हे, ती सरासरी आहे. मुंबईत मोसमी पाऊस २०१९ साली २५ जूनला पोचला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन ठाकला. महिनाभराचा फरक! मृग मात्र दोन्ही वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटीच लागला. सरासरी नेहमीचे सांगते, यंदाचे सांगत नाही.

वाहनाची गोष्ट आणखी वेगळी. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी उरेल त्यावरून हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव असे वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला. गणित चोख आहे, पण त्यात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही. शिवाय गावही नाही. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. दोघांना एकच बेडूक कसा पुरणार? आमच्या आईची वाहनांवर फार श्रद्धा होती आणि मी तिला कधी दुखावले नाही. पण बेडकाच्या भरवशावर तिनेही कधी वाळवणाचे पापड बाहेर ठेवले नाहीत, हे मी पाहिलेले आहे.

आता सरकारी खात्याची वही उघडू. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्यात हाहाकार उडवला, त्यानंतर १८६६ आणि १८७१ साली पाऊस रुसला. त्यातून १८७५ साली भारतीय हवामान खाते निघाले. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मोसमी पाऊस कमी, असा संबंध त्यांनी मांडला आणि १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज नियमित निघू लागला. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांचा १८९९ सालचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. आला तो छप्पन्नचा दुष्काळ! टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे हा अंदाज लोकांना न देता फक्त सरकारला गुप्तपणे दिला जाई. मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. हे गणिती होते. जगभरच्या नोंदी गोळा करून पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांचा हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो, हे त्यांनी शोधले. आज आपण एल निनो म्हणतो त्या गोष्टीचे हे दुसरे अंग. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुण्याच्या शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' का म्हणतात, ते आता नव्या मंडळींना कळले असेल.

१९८८ साली वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रसिद्ध प्रारूप आणले. मराठी माणूस म्हणून आम्हा शिक्षकांना त्याचे केवढे कौतुक! वर्षामागून वर्षे अंदाज बरोबर येत गेला. आणि २००२ साली खात्याने १०१ टक्के सांगितले असताना जुलै महिना निम्म्यानेही भरला नाही, मोसम १९ टक्क्यांनी तुटीचा गेला. लोक म्हणाले, एकदाच तर चुकले.

इथे मला माझा वर्ग आठवतो. समजा चाळीस मुलांच्या वर्गात दरवर्षी छत्तीस पास होतात. मी प्रत्येक मुलाकडे बोट दाखवून "हा पास होणार" असे म्हणत सुटले, तर माझे भाकीत नव्वद टक्के बरोबर! पण मला त्यातले काही कळते असे कोणी म्हणेल का? जे चार नापास होणार, त्यांची नावे आधी सांगता आली तर खरे. १९८८ ते २००१ या सगळ्या वर्षांत देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास किंवा त्याहून जास्तच होता. त्या काळात दरवर्षी "ठीक पडेल" म्हणणारा पानवालाही तितकाच बरोबर ठरला असता. प्रारूपाची परीक्षा दुष्काळाच्या वर्षी होती. हे मी गोवारीकरांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. विद्वानाने केलेला तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि चुकला तेव्हा तो सर्वांसमोर चुकला. २००३ पासून खात्याने पद्धत बदलली. २००९ साली पुन्हा मार बसला: जूनमध्ये ९३ टक्के सांगितले, पडला ७८ टक्के. पण २०१५ साली एक खासगी संस्था १०२ टक्के सांगत असताना खात्याने जूनच्या सुरुवातीला ८८ टक्के सांगितले आणि पाऊस ८६ टक्के झाला. नापास होणाऱ्या मुलाचे नाव यावेळी आधी सांगितले होते!

मग आता खात्याचा मोसमी अंदाज डोळे मिटून धरावा का? थांबा. २०१७ सालची गोष्ट. खात्याने जूनमध्ये देशाला ९८ टक्के सांगितले, पडला ९५ टक्के. म्हणजे अंदाज चांगलाच उतरला. पण त्याच जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, की तुमच्या भरवशावर पेरलं आणि बियाणं मातीत गेलं. मला विचाराल तर दोघेही खरे होते. खाते चार महिन्यांचे आणि सगळ्या देशाचे बोलत होते. शेतकऱ्याला हवा होता त्याच्या शिवाराचा पुढचा पंधरवडा. टक्क्यांच्या अंदाजाने धान्याचे साठे ठरवावेत, धरणांचे नियोजन करावे. पाभर कधी जुंपायची ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी कृषी खात्याचा साधा सल्ला आहे: ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका. हा अंदाज नव्हेच, पडलेल्या पावसाचे माप आहे, म्हणून तो फसवत नाही.

जागा जितकी लहान तितके सांगणे अवघड. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३! "मुंबईत पाऊस" या दोन शब्दांत कोणाचे घर बुडाले नि कोणाचे नाही, हे कसे मावणार? आमच्याकडेही थंडीत निफाडच्या कुंदेवाडी केंद्राचा पारा नाशिक शहरापेक्षा बराच खाली असतो. बातमीत 'नाशिक' वाचून निफाडच्या बागेत शेकोटी पेटवायची की नाही ते ठरत नाही.

आणि काळ जितका जवळ तितके सांगणे सोपे. एडवर्ड लोरेंझ या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवले की सुरुवातीच्या मोजमापातली चिमूटभर चूकसुद्धा पुढे वाढत जाते. म्हणून दोन आठवड्यांपलीकडे "अमुक तारखेला अमुक गावात पाऊस" असे कोणी छातीठोक सांगू लागला, की मी व्हिडिओ बंद करते. उलट एक-दोन दिवसांचा अंदाज आता खरोखर सुधारला आहे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येणार हे आधी कळले होते, लोकांना वेळेत हलवता आले. मे २०२५ पासून तर सहा किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करणारी प्रणाली देशात सुरू झाली आहे, आणि ती पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केली आहे.

अंदाजाची भाषाही कळायला हवी. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. तुमच्या अंगणात पडला नाही म्हणून तो अंदाज खोटा ठरत नाही. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊण भागाहून जास्त. तेव्हा छत्री घ्याच. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

नाशिककरांना तर भरवशाचा अंदाज कसा असतो ते गोदावरीने शिकवले आहे. १९६९ चा महापूर मी कॉलेजात असताना पाहिला. तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, यावरून गाव पुराचे माप घेई, आजही घेते. पण मारुती सांगतो ते आत्ताचे. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनंतर भांडीबाजार-सराफ बाजारातले दुकानदार गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, याकडे जास्त लक्ष ठेवतात. सोडलेले पाणी काही तासांत घाटावर येणारच. धरणाखालच्या नाल्यांचे पाणी त्यात भर घालते ते वेगळे, पण इतका खात्रीचा अंदाज दुसरा नाही, कारण त्यात जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि पाणी मोजलेले.

भाच्याला मी शेवटी हेच लिहून दिले. अंदाज सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचार: कोणत्या जागेचा, किती दिवसांचा, आणि मागच्या वेळचे चुकलेले कुठे लिहून ठेवले आहे का? खात्याचे चुकलेले सगळे छापलेले आहे, म्हणून तर वर मला ते सांगता आले. व्हिडिओवाल्यांचे बरोबर आलेलेच तेवढे पुन्हा पुन्हा फिरते.

चौथा प्रश्न मात्र स्वतःला विचारायचा: मानले आणि चुकले तर काय जाईल, न मानता खरे ठरले तर काय जाईल? पोंग्यातल्या बागेवर पावसाचा अंदाज असताना डाऊनीची फवारणी केली आणि पाऊस आला नाही, तर औषधाचे पैसे गेले. केली नाही आणि आला, तर घड गेले. मार्च २०१४ च्या आणि २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने आपल्या जिल्ह्यात काय केले ते त्याला मी सांगायला नको. नुसत्या बातमीवर व्यापारी भाव पाडून मागतो, तेव्हा घाबरून माल द्यायचा की थांबायचा, हेही त्याला त्याच हिशेबाने ठरवायचे आहे. ते कोणतेच खाते त्याच्यासाठी ठरवणार नाही.

यंदा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहायला घेतले आहेत: काल सांगितलेला पाऊस आणि बांधावरच्या पर्जन्यमापकात सापडलेला. पावसाळा संपला की ती पाने मला पाठवणार आहे. तुमच्यापैकी कोणी अशी वही ठेवत असाल, तर मलाही जरूर कळवा.