वेस्टर्न सिनेमातला घोडा आर्ट म्युझियममध्ये कसा पोहोचला? आणि ‘एकाही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही ओळ कुठून आली?

लाल डोंगर, धुरळा उडवत पळणारी घोडागाडी, मागे लागलेले स्वार, गोळीचा आवाज आणि धाडकन कोसळणारा घोडा. हॉलीवूडचा एखादा जुना वेस्टर्न पाहिला असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. पडलेला स्वार बहुतेक वेळा धूळ झटकून उठायचा, कारण तो स्टंटमन होता आणि आपण कधी पडणार हे त्याला माहीत होतं. घोड्याला ते माहीत नसायचं.

अमेरिकेतली काही म्युझियम्स आता हे सिनेमे गांभीर्याने दाखवतात. सोबत व्याख्यानं, चर्चा आणि प्रदर्शनं असतात. काउबॉयच्या सिनेमाचं आर्ट म्युझियममध्ये काय काम, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तराची सुरुवात घोड्यापासूनच होते.

वेस्टर्न म्हणजे नेमकं काय?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम भागात घडणाऱ्या कथा म्हणजे वेस्टर्न. काउबॉय, शेरीफ, दरोडेखोर, घोडदळ आणि तिथले मूळ रहिवासी ही त्यातली नेहमीची पात्रं. १९०३ सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा या प्रकारातला सुरुवातीचा गाजलेला सिनेमा. पाठलाग, लढाई आणि शेवटी मावळतीकडे निघून जाणारा नायक, यातलं काहीच घोड्याशिवाय होत नाही.

म्युझियमचा काय संबंध?

अमेरिकेतल्या डेन्व्हर आर्ट म्युझियमने २०१७ मध्ये ‘द वेस्टर्न: ॲन एपिक इन आर्ट अँड फिल्म’ नावाचं प्रदर्शन भरवलं. कॅनडातलं माँट्रियल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स त्यात भागीदार होतं, आणि नंतर हे प्रदर्शन तिथेही गेलं. एकाच दालनात चित्रं, शिल्पं आणि सिनेमातली दृश्यं मांडली होती. सिनेमाने पश्चिम अमेरिकेची जी प्रतिमा जगभर पोहोचवली, ती त्याआधी चित्रकारांनी घडवली होती, हे त्यातून दिसत होतं.

लॉस एंजेलिसमधलं ऑट्री म्युझियम तर एका वेस्टर्न नटानेच उभं केलं. गाणारा काउबॉय म्हणून प्रसिद्ध असलेल्या जीन ऑट्रीने ते १९८८ मध्ये सुरू केलं.

सिनेमाच्या आधी घोडा धावला

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? मराठीत आपण ‘चौखूर उधळला’ असं सहज म्हणतो, पण एवढ्या वेगातले पाय डोळ्यांना नीट दिसत नाहीत. युरोपातले चित्रकार धावणारा घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवायचे.

जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने या प्रश्नाचा निकाल लावला. उद्योगपती लीलँड स्टॅनफर्डच्या घोडीसाठी धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली आणि वाटेत आडव्या तारा ताणल्या. घोडी पळत गेली, एकेक तार ओढली गेली आणि एकेक फोटो निघत गेला. चारही पाय खरोखर हवेत असतात, पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्या फोटोंत दिसलं.

सिनेमाच्या जन्मकथेत या फोटोंचा उल्लेख हमखास येतो. हलत्या चित्राचा पहिला मोठा नमुना घोडाच होता, असं म्हणायला हरकत नाही.

कॅनव्हासवरून पडद्यावर

फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१-१९०९) हा काउबॉय आणि घोडदळ रंगवणारा अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध चित्रकार. उधळलेल्या घोड्यावर तोल सावरणारा स्वार दाखवणारं त्याचं ‘ब्राँको बस्टर’ हे १८९५ चं ब्राँझ शिल्प आजही पश्चिम अमेरिकेची ओळख मानलं जातं. घोड्याच्या पायांची ठेवण अचूक यावी म्हणून त्याला मायब्रिजच्या फोटोंचा उपयोग झाला.

पुढे दिग्दर्शक जॉन फोर्डने ‘शी वोअर अ येलो रिबन’ (१९४९) करताना रेमिंग्टनच्या चित्रांमधले रंग आणि हालचाल पडद्यावर आणायचा प्रयत्न केला. या सिनेमाच्या रंगीत छायाचित्रणासाठी विन्टन हॉकला ऑस्कर मिळालं. फोटोवरून चित्र आणि चित्रावरून सिनेमा, असा हा प्रवास आहे. म्हणूनच वेस्टर्न समजून घ्यायला आर्ट म्युझियम ही योग्य जागा ठरते.

घोडेही स्टार झाले

टॉम मिक्सचा ‘टोनी’, जीन ऑट्रीचा ‘चॅम्पियन’, रॉय रॉजर्सचा ‘ट्रिगर’ हे घोडे प्रेक्षकांना नावानिशी माहीत होते. सोनेरी रंगाचा ट्रिगर १९६५ मध्ये मेला. रॉजर्सने त्याचं कातडं साच्यावर चढवून तो जिवंत वाटेल असा उभा करून घेतला आणि आपल्या म्युझियममध्ये ठेवला. ते म्युझियम बंद पडल्यावर २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ट्रिगरला २ लाख ६६ हजार ५०० डॉलर्स मिळाले.

हे नाव असलेल्या घोड्यांचं झालं. लढाईच्या दृश्यात डझनांनी कोसळणाऱ्या घोड्यांना नाव नव्हतं.

‘रनिंग डब्ल्यू’ काय होतं?

घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, ती पोटाखालच्या तंगाला लावलेल्या कडीतून ओवायची आणि दुसरं टोक जमिनीत रोवलेल्या खुंट्याला पक्कं करायचं. घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की पुढचे पाय खेचले जायचे आणि घोडा तोंडावर आपटायचा. या पद्धतीला ‘रनिंग डब्ल्यू’ म्हणत.

मायब्रिजची तार कॅमेरा उघडत होती. ही तार घोड्याची मान किंवा पाय मोडू शकत होती. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) या युद्धपटात घोडे पाडण्यासाठी अशा तारांचा वापर झाला. त्यात घोडे मेले आणि त्यावर मोठी टीका झाली.

कड्यावरची उडी

खरी ठिणगी पडली ती ‘जेसी जेम्स’ (१९३९) या वेस्टर्नमुळे. दरोडेखोर घोड्यासकट कड्यावरून पाण्यात उडी मारतात, असं दृश्य होतं. घोडा स्वतःहून उडी मारणार नव्हता. त्यामुळे मिसूरी राज्यात एका तलावाकाठी घसरड्या, कलत्या फळीवर त्याला उभं केलं आणि सुमारे ७० फुटांवरून खाली ढकललं. स्टंटमन वाचला. घोडा मेला.

लोक संतापले. १९४० मध्ये ‘अमेरिकन ह्युमेन’ या प्राणीकल्याण संस्थेने हॉलीवूडमध्ये कार्यालय उघडलं. सिनेमांवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘हेज ऑफिस’च्या नियमांमुळे संस्थेच्या प्रतिनिधींना सेटवर जाता येऊ लागलं.

नियम आला, गेला, परत आला

१९६० च्या दशकात हेज ऑफिसची व्यवस्था मोडकळीला आली. कलाकारांवरची बंधनं सुटली, पण त्यासोबत प्राण्यांचं संरक्षणही गेलं. संस्थेला सेटवर प्रवेश मिळण्याची खात्री उरली नाही.

१९८० मध्ये आलेल्या ‘हेवन्स गेट’ या वेस्टर्नच्या चित्रीकरणात स्फोटात घोडा मेल्याचा आरोप झाला आणि सिनेमाविरुद्ध निदर्शनं झाली. त्याच वर्षी नटांच्या संघटनेच्या करारातून अमेरिकन ह्युमेनला देखरेखीचा अधिकार परत मिळाला. संस्थेच्या ‘एकाही प्राण्याला इजा झालेली नाही’ या ओळीला त्यानंतर खरं वजन आलं. ती पहिल्यांदा झळकली होती ‘द डोबरमन गँग’ (१९७२) या कुत्र्यांच्या सिनेमात.

मग आता घोडा पडतो कसा?

इशारा मिळाल्यावर आडवं पडायचं, हे निवडक घोड्यांना हळूहळू शिकवलं जातं. पडण्याची जागा खणून, वाळू घालून भुसभुशीत केली जाते. जास्त धोक्याच्या दृश्यांसाठी यांत्रिक घोडा किंवा संगणकाची मदत घेतात. ‘वॉर हॉर्स’ (२०११) मध्ये काटेरी तारेत अडकलेल्या घोड्याच्या दृश्यासाठी यांत्रिक घोडा वापरला होता.

ही ओळ कशाची हमी देत नाही?

देखरेख असली म्हणजे धोका शून्य होत नाही. घोड्यांच्या शर्यतींवरची ‘लक’ ही एचबीओची मालिका ३ घोड्यांच्या मृत्यूनंतर २०१२ मध्ये बंद करावी लागली. त्याच वर्षी ‘द हॉबिट’साठी आणलेले प्राणी न्यूझीलंडमध्ये त्यांना ठेवलेल्या शेतावर मेल्याच्या बातम्या आल्या. निर्मात्यांनी काही मृत्यू मान्य केले, पण गैरवागणुकीचा आरोप फेटाळला. संस्थेची देखरेख मुख्यतः चित्रीकरणापुरती असते, ही मर्यादा तेव्हा चर्चेत आली.

भारतात यासाठी २००१ चे ‘परफॉर्मिंग ॲनिमल्स’ नोंदणी नियम आहेत. सिनेमात प्राणी असतील, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मराठी सिनेमाच्या सुरुवातीला प्राण्यांबद्दलची सूचना दिसते ती याच व्यवस्थेमुळे.

जुना वेस्टर्न पाहताना

जुने सिनेमे पाहूच नयेत, असा याचा अर्थ नाही. म्युझियममध्ये सिनेमासोबत माहिती आणि चर्चा असते ती यासाठीच, की दृश्याची ताकदही कळावी आणि त्याची किंमतही. घरी पाहताना आधी सालाकडे लक्ष द्या. सिनेमा १९४० च्या आधीचा असेल, किंवा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० पर्यंतचा, तर ‘घोडा पडला’ या दृश्यामागे अनेकदा कुणाचीही देखरेख नव्हती. असं दृश्य आलं की स्वाराऐवजी घोड्याच्या पुढच्या पायांकडे पाहा. इशाऱ्यावर पडणारा घोडा बहुधा कुशीवर कलत जातो. तारेने खेचलेला घोडा मात्र डोकं खाली जाऊन पुढच्या पुढे उलटतो.